आत्मिक भूक

आत्मिक भूक : परमेश्वराची संगती, त्याचे वचन आणि नीतिमान जीवन यांविषयी श्रद्धावंताच्या मनात असणारी ओढ. ख्रिस्ती साधनेत ती देवाची देणगी मानली जाते, पण जोपासली नाही तर मंदावते. पोटाची भूक अन्नाने शमते. आत्मिक भूक देवाचा अनुभव जसजसा येईल तसतशी वाढते. वचन आणि प्रार्थना सुटली की ती नकळत मरते, म्हणून तिची नित्य काळजी घ्यावी लागते.

शास्त्राधार : नीतिमत्त्वासाठी भुकेल्या-तान्हेल्यांना येशूने डोंगरावरील प्रवचनात धन्य म्हटले (मत्तय ५). स्तोत्र ४२ मध्ये ही ओढ पाण्यासाठी व्याकूळ झालेल्या हरिणीच्या रूपात येते. आमोस संदेष्टा देवाच्या वचनाच्या दुष्काळाचा इशारा देतो (आमोस ८). चौथ्या शतकातील निस्साच्या ग्रेगरीने देवाच्या दर्शनाची इच्छा कधीच तृप्त होत नाही, असे मांडले. ऑगस्टीनने अखंड इच्छेलाच अखंड प्रार्थना मानले.

मराठी परंपरा : १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ‘अभंगांजली’त ख्रिस्ताची आस अभंगातून गायिली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये रोजच्या प्रार्थनेसाठी स्वेच्छेने पुढे येण्याचे आवाहन केले. सुरुवातीला सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाली आणि त्याच महिन्यात तेथे आत्मिक जागृती झाली. ओढ आपोआप दाटून येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आधी प्रार्थनेची वेळ ठरवली.

बुलढाणा जिल्हा : सिंदखेडराजा आणि देऊळगावराजाच्या या परिसराला देवाची तळमळ नवी नाही. मंदिराच्या दाराबाहेर उभे राहून विठ्ठलाला आळवणाऱ्या चोखामेळ्यांचे जन्मस्थान मेहुणाराजा याच जिल्ह्यात मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम सुरू झाले. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी प्रदेश होरपळला, तेव्हा या मिशनने खामगावात मुलींचे अनाथालय चालवले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ मध्ये ते बुलढाण्याला जोडले गेले. मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांची शिकवण ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि येणारा राजा आहे, अशी चतुर्विध होती. बाप्तिस्म्यावर न थांबता पवित्रतेची ओढ धरणे हा तिचा गाभा होता.

दुष्काळातील मिशनकार्यावर भाकरीसाठी धर्म बदलल्याचा आक्षेप घेतला गेला. हा प्रश्न खुद्द शुभवर्तमानात आहे. भाकरी खाऊन तृप्त झालेला समुदाय पुन्हा शोधत आला, तेव्हा येशूने त्याचा हेतू उघड केला आणि टिकणारे अन्न मागायला शिकवले (योहान ६). पण त्याआधी त्याने त्यांना जेवू घातले होते. उपाशी माणसाला भाकरी द्यावी ती विनाअट. देवाची भूक देवच जागी करतो.

जोपासना : मराठी मंडळ्यांत यासाठी साध्या रीती रूढ आहेत. पहाटे घरची कामे सुरू होण्याआधी एखादे स्तोत्र मोठ्याने वाचून त्यातील एक ओळ दिवसभर मनात घोळवणे, कुटुंबाची सायंप्रार्थना, उपवास-प्रार्थना, प्रभुभोजन. घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेत सतरंजीवर बसून पेटी-ढोलकीवर भजने होतात, कोणी साक्ष देतो, आजाऱ्यांची नावे घेऊन विनंत्या केल्या जातात. कॅथलिक परंपरेत ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ याच हेतूने पाळतात. मन कोरडे पडले तरी ठरलेली वेळ मोडू नये, कारण भूक नसल्याची खंत वाटणे हीही भुकेचीच सुरुवात असते.

कसोटी : या ओढीचा खरेपणा आसवांवर किंवा आवाजाच्या उंचीवर ठरत नाही. यशया ५८ मध्ये देवाला आवडणारा उपवास सांगितला आहे : अन्यायाची बंधने सोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे. देवासाठी भुकेल्या माणसाला शेजाऱ्याची भूक दिसू लागते. ती दिसत नसेल, तर त्याने आपली प्रार्थना पुन्हा तपासावी.