डेव्हिड लो : ड्युनेडिनमधून निघालेली रेषा

फ्लॅट बुश (ऑकलंड) : महाराष्ट्रात राजकीय व्यंगचित्रांची चर्चा निघाली की आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे ही नावे हमखास पुढे येतात. मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये काही काळ सहकारी असलेल्या या दोघांचा आदर्श एकच होता : सर डेव्हिड लो. जग त्यांना ब्रिटिश व्यंगचित्रकार म्हणून ओळखते. जन्माने आणि जडणघडणीने मात्र ते न्यूझीलंडचे. फ्लॅट बुशसारख्या उपनगरांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच त्यांची ओळख दुहेरी नात्याने व्हावी.

जडणघडण

लो यांचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजी ड्युनेडिन येथे झाला. बालपण क्राइस्टचर्चमध्ये गेले. थोरल्या भावाचे आजाराने निधन झाले, तेव्हा अतिअभ्यासाने त्याची प्रकृती खालावली असा आईवडिलांचा समज झाला आणि त्यांनी डेव्हिडला शाळेतून काढले. त्यामुळे त्यांचे कलाशिक्षण बहुतांशी स्वतःच्या बळावर झाले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेले ‘पंच’चे अंक हे त्यांचे पहिले पाठ्यपुस्तक. चार्ल्स कीन आणि फिल मे यांच्या चित्रांवरून त्यांनी रेषेचा अभ्यास केला. १९०२ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, त्यांची चित्रपट्टी ‘बिग बजेट’ या ब्रिटिश साप्ताहिकात छापून आली. १९०८ मध्ये क्राइस्टचर्चच्या ‘स्पेक्टेटर’मध्ये ते राजकीय व्यंगचित्रकार झाले.

१९११ मध्ये ते सिडनीच्या ‘बुलेटिन’मध्ये दाखल झाले. आरंभीच्या त्यांच्या चित्रांत तपशिलांची गर्दी असे. सिडनीत ती ओसरू लागली आणि व्यक्तीचा स्वभाव मोजक्या रेषांत पकडण्याची हातोटी साधली. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज हे त्यांचे आवडते लक्ष्य होते. ह्यूज यांच्यावरील चित्रांचा ‘द बिली बुक’ हा संग्रह १९१८ मध्ये निघाला. कादंबरीकार अर्नोल्ड बेनेट यांनी त्याची प्रशंसा केली आणि १९१९ मध्ये लो यांना लंडनच्या ‘स्टार’चे दार उघडले.

करारातील स्वातंत्र्य

१९२७ मध्ये लो ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये गेले. पत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक कट्टर परंपरावादी, तर लो यांचा कल डावीकडे. म्हणूनच विषय आणि मांडणी यांचे पूर्ण स्वातंत्र्य त्यांनी करारातच मिळवले. मालकाच्या धोरणाची खिल्ली त्याच्याच पत्रात उडवणारी चित्रे वाचकांना पुढे जवळजवळ पाव शतक पाहायला मिळाली. खुद्द बीव्हरब्रुकही त्यांच्या चित्रांतून सुटले नाहीत.

१९३४ मध्ये ‘कर्नल ब्लिंप’ अवतरला. टक्कल, भरघोस मिशा, कमरेला टॉवेल आणि तोंडी परस्परविरोधी विधाने असा हा तुंदिलतनू गृहस्थ. घोडदळाला रणगाडे मिळाले तरी सैनिकांच्या बुटांच्या आरा कायम राहाव्यात, असा आग्रह लो यांनी एका स्नानगृहात ऐकला आणि त्यातून हे पात्र सुचले. जुनाट, आडमुठ्या मनोवृत्तीसाठी ‘ब्लिंप’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला.

हुकूमशहांची अडचण

हिटलर आणि मुसोलिनी यांना लो यांनी राक्षस म्हणून रंगवले नाही. हुकूमशहाला आपण भयंकर दिसलो तर आवडते. हास्यास्पद दिसणे मात्र त्याला सहन होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. या चित्रांमुळे जर्मनी आणि इटलीत त्यांच्या पत्रावर बंदी आली. १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले असता गोबेल्स यांनी तक्रार केली आणि लो यांना सौम्य होण्याची गळ घालण्यात आली. त्यांनी काही काळ दोन्ही हुकूमशहांचे मिश्रण असलेला ‘मझलर’ उभा केला. पण १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत होताच तो संयम संपला.

सप्टेंबर १९३९ मधील ‘राँदेव्हू’मध्ये पोलंडच्या मृतदेहापलीकडून हिटलर आणि स्टालिन एकमेकांना लवून अभिवादन करतात. फ्रान्स कोसळल्यावर, जून १९४० मध्ये, खवळलेल्या समुद्राकाठी मूठ उगारून उभा असलेला एकटा ब्रिटिश सैनिक त्यांनी काढला. या टप्प्यावर कुंचल्याचे जाड फटकारे, काळ्या रंगाचे मोठे पट्टे आणि मोकळी पांढरी जागा यांनीच आशय उभा राहतो. इंग्लंड जिंकल्यावर ज्यांना अटक करायची त्यांच्या नाझी यादीत लो यांचे नाव होते, हे युद्धानंतर उघड झाले.

मुंबईतील वारसा

म्हैसूरमध्ये लहानपणी लक्ष्मण ‘लो’ ही सही ‘काउ’ अशी वाचत. पुढे त्यांनी लो यांच्याकडून रचनेची शिस्त घेतली, पण ती वळवली ‘कॉमन मॅन’च्या मूक साक्षीकडे. ठाकरे यांनी कुंचल्याचा जोम आणि अर्कचित्राची धार आत्मसात केली. १३ ऑगस्ट १९६० रोजी त्यांनी ‘मार्मिक’ सुरू केले. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि व्यंगचित्रकार स्वतःच सत्ताकारणाचा घटक बनला. लो मात्र अखेरपर्यंत पक्षांच्या बाहेर राहिले. डावा कल असूनही मजूर संघटनांच्या काँग्रेसला त्यांनी ढिम्म, अवजड घोड्याचे रूप दिले होते. एकाच गुरूच्या रेषेतून मुंबईत असे दोन वेगळे मार्ग फुटले. सत्तेपासून व्यंगचित्रकाराने किती अंतर राखावे, हा प्रश्न त्या दोन मार्गांच्या फाट्यावर आजही उभा आहे.

१९५० मध्ये लो ‘डेली हेरल्ड’मध्ये आणि १९५३ मध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये गेले. तीसच्या दशकात नाकारलेला ‘सर’ किताब त्यांनी १९६२ मध्ये स्वीकारला. १९ सप्टेंबर १९६३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. केंट विद्यापीठाच्या ब्रिटिश व्यंगचित्र संग्रहात त्यांची अनेक चित्रे जतन केलेली आहेत.