वाऱ्याची मुदत

प्रवासात कोठे थांबावे आणि कोणता थांबा गाळावा? प्रत्येक थांब्याला काही लाभ असतो, तसा तेथे पोहोचण्याचा खर्चही. गणितज्ञांनी १९८० च्या दशकात या प्रश्नाला शास्त्रीय रूप दिले. दर्यावर्दी तो शतकानुशतके सोडवीत आले होते. (एका संध्याकाळी किती घरांना भेट द्यावी, हा आम्हां धर्मगुरूंचाही नित्याचा पेच!)

संत फ्रान्सिस झेवियर १५ एप्रिल १५४९ रोजी गोव्याहून निघून ३१ मे रोजी मलाक्का येथे पोहोचले. तेथील पोर्तुगीज कप्तान दों पेद्रो दा सिल्वा यांनी खर्चासाठी मिरी दिली आणि जपानला नेण्यास एक चिनी नाखवा राजी केला. २४ जूनच्या सायंकाळी गलबत निघाले. वारा अनुकूल होता. परंतु त्याला मुदत होती. ती टळली, तर चीनमध्ये हिवाळा काढून पुढील वर्षाची वाट पाहणे आले.

आणि नाखवा तर बेटाबेटाला थांबू लागला! संतांनी त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला कागोशिमाहून लिहिलेल्या पत्रात हा जाच सविस्तर आला आहे. आमच्या मते नाखव्याचे सारेच थांबे व्यर्थ नव्हते. वादळाच्या तयारीसाठी लाकूड घेणे हे शहाणपणच होते. पुढे मूर्तीपुढे कौल लावला, तेव्हा गलबत जपानला पोहोचेल पण मलाक्केला परतणार नाही, असे उत्तर आले. मग खलाशांचे मन चीनकडेच ओढ घेऊ लागले. वाटेत नाखव्याची कन्या समुद्रात पडून बुडाली. संतांना एकच मुक्काम गाठायचा होता, नाखव्याला जहाज, माणसे आणि माल सांभाळायचा होता. दोघांचे हिशेब जुळणार कसे?

कॅन्टनजवळ नाखवा थांबू पाहत होता. मलाक्केच्या कप्तानाला कळवू, असे संतांनी बजावल्यावर तो पुढे सरकला. नंतर चिंचेव बंदरात शिरायचे ठरले, तोच समोरून आलेल्या जहाजाने चाच्यांची वार्ता दिली. कॅन्टनला परतावे तर वारा विरुद्ध, जपानला जावे तर अनुकूल. १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, ते कागोशिमाला उतरले.

नाखव्याला पोर्तुगीज ‘लाद्रांव’, म्हणजे चोर, म्हणत. तो कागोशिमातच वारला. प्रवासभर तो आमच्याशी चांगला वागला, असे संतांनी दों पेद्रोंना कळविले.