मंजुरीपत्राच्या पुढचे पान

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावचे आरोग्यकेंद्र, राज्य विद्यापीठातली कर्करोग-संशोधनाची प्रयोगशाळा आणि वृद्धांना घरपोच जेवण देणारी स्वयंसेवी संस्था, या तिघांत वरकरणी काहीच साम्य नाही. तरी अशा असंख्य संस्थांचा गाडा संघराज्य सरकारच्या, म्हणजे फेडरल, अनुदानावर चालतो. मंजुरीपत्र येते त्या दिवशी सगळीकडे अभिनंदनाची धांदल असते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी नवी फाइल उघडते आणि पुढची काही वर्षे त्या पैशाची पै न् पै कुठे, कशासाठी आणि कोणाच्या संमतीने गेली हे लिहून ठेवते. त्या व्यक्तीचे काम आणि तिला साहाय्य करणाऱ्या सल्लागारांचे शास्त्र, हा या प्रस्तावनेचा विषय.

मराठी वाचकाला हे जग अगदीच परके वाटू नये. आपल्याकडे सरकारी अनुदान घेतलेल्या संस्थेला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि लेखाआक्षेप आला की त्याचे उत्तरही द्यावे लागते. शिवाय अमेरिकी विद्यापीठांत प्रयोगशाळा चालवणारे कितीतरी मराठी संशोधक आज अशाच अनुदानांवर काम करतात. उत्तम विज्ञान जाणणाऱ्या माणसाला खर्चाच्या कागदावर सही करताना मात्र बिचकायला होते. ते बिचकणे जावे, एवढा या शास्त्राचा पहिला उपयोग आहे.

आजच्या नियमांचा साचा हळूहळू घडला. १९८४ साली अमेरिकी काँग्रेसने एकत्रित लेखापरीक्षणाचा कायदा केला. प्रत्येक अनुदानाची वेगवेगळी तपासणी करण्याऐवजी संस्थेची एकच समग्र तपासणी व्हावी, हा त्यामागचा विचार होता. प्रारंभी तो राज्य आणि स्थानिक शासनांपुरता होता. १९९६ च्या दुरुस्तीने ना-नफा संस्थाही त्यात आल्या. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये आठ वेगवेगळी परिपत्रके एकत्र करून ‘युनिफॉर्म गाइडन्स’ ही एकच नियमावली आली. २०२४ मध्ये तिच्यात मोठी सुधारणा झाली. एका आर्थिक वर्षात साडेसात लाख डॉलर किंवा त्याहून अधिक फेडरल निधी खर्च करणाऱ्या संस्थेला पूर्वी हे एकत्रित लेखापरीक्षण बंधनकारक होते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी ती मर्यादा दहा लाख झाली.

वाचकांनी ही नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याचा संकल्प सोडू नये, पण सुरुवात तिथून करू नये. आधी आपले मंजुरीपत्र वाचावे, कारण आपल्यापुरत्या खास अटी त्यातच असतात. मग नियमावलीच्या ए ते एफ अशा सहा उपभागांपैकी ई हा, खर्चाच्या तत्त्वांचा, भाग उघडावा. वाचताना दोन इंग्रजी क्रियापदांकडे लक्ष द्यावे: ‘मस्ट’ म्हणजे करायलाच हवे आणि ‘शुड’ म्हणजे केलेले चांगले. हा फरक नियमावलीने स्वतःच सांगितला आहे, आणि तो पक्का झाला की निम्मे भय ओसरते.

खर्चाच्या तत्त्वांचा गाभा तीन प्रश्नांत मावतो. खर्चाला मान्यता आहे का? तो वाजवी आहे का? तो याच प्रकल्पाच्या वाट्याचा आहे का? यातला तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. समजा, प्रयोगशाळेत पाच कप्प्यांचा फ्रीझर आला. वरचे तीन कप्पे एका अनुदानाच्या नमुन्यांनी भरले, खालचे दोन दुसऱ्याच्या. मग किंमत साठ-चाळीस अशी वाटावी आणि त्या वाटणीचे कारण बिलासोबत दोन ओळींत लिहून ठेवावे. वर्षअखेरीस पहिल्या अनुदानात पैसे उरले आणि दुसऱ्यात खडखडाट झाला, म्हणून सगळा फ्रीझर पहिल्याच्या माथी मारता येत नाही. एका अनुदानाची तूट भरायला दुसऱ्याचा पैसा वापरू नये, असे नियम स्पष्ट सांगतो.

पगाराचेही तसेच आहे. अंदाजपत्रकात एखाद्या संशोधिकेचा निम्मा वेळ एका प्रकल्पाला दाखवलेला असतो. प्रत्यक्षात तिचे महिनोन्‌महिने दुसऱ्याच कामात जातात. केवळ अंदाजपत्रकातला आकडा हा पगाराचा पुरावा ठरत नाही. केलेल्या कामाची नोंद लागते. ही नोंद त्या-त्या आठवड्यात झाली तर पाच मिनिटांचे काम असते. दोन वर्षांनी आठवून भरायची म्हटली तर ती नोंद उरतच नाही, तो निव्वळ तर्क होतो.

या विषयाचे मर्म मला इथेच दिसते. निधीचे रक्षण लेखापरीक्षक दारात आल्यावर होत नाही. खर्च केला त्या दिवशीच ते झालेले असते. चूक झाली तर सरकार हप्ते रोखू शकते, खर्च अमान्य करून पैसे परत मागू शकते, अनुदान थांबवूही शकते. म्हणून चांगला सल्लागार खर्चाच्या आधीच सोबतीला बसतो. मागणारा, मंजूर करणारा आणि पैसे देणारा ही तीन माणसे वेगळी ठेवायला तो सांगतो. छोट्या संस्थेत तेवढी माणसे नसतील, तर निदान मंडळाच्या एका सदस्याची नजर दर महिन्याच्या खात्यांवरून फिरेल, अशी व्यवस्था लावून देतो. उप-अनुदान पुढे दिले असेल तर त्या संस्थेकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारीही तुमचीच, हे तो वेळीच लक्षात आणून देतो.

तुम्ही या क्षेत्रात नवे असाल तर इथे तुमचे मनापासून स्वागत आहे. सुरुवातीला आपल्या संस्थेचे एकच बिल हाती घ्या आणि वरचे तीन प्रश्न त्याला विचारून पाहा. अंतिम आर्थिक अहवाल दिल्यानंतरही सर्वसाधारणपणे तीन वर्षे हे कागद जपावे लागतात. तेव्हा कदाचित तुम्ही त्या खुर्चीत नसाल. फाइल उघडणाऱ्या अनोळखी माणसाला तुमच्या दोन ओळींतून सगळे उलगडले, तर तुमचे काम चोख झाले. आणि त्याच ओळींच्या भरवशावर कुठल्याशा गावात वृद्धांच्या दारी गरम जेवण पोचत राहील.