पेणचा बाप्पा केबिन बॅगेत

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड पेणहून. आणि सुरुवात एका तुटलेल्या सोंडेपासून.

माझी ताई लंडनला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्या घरच्या पहिल्या गणपतीसाठी मी पेणची शाडूची मूर्ती नेली. खोक्यात नीट भरली, वर ‘नाजूक’ असं लिहिलं आणि चेक-इन सामानात दिली. तिथे खोकं उघडलं तर सोंड वेगळी! खंडित मूर्ती पुजत नाहीत. ताईने सुपारी मांडून पूजा केली. मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळवलेली असते. पाण्यात विरघळते ती म्हणूनच, आणि धक्क्याने तुटते तीही म्हणूनच. प्लास्टरची मूर्ती हलकी, आतून काथ्याने बांधलेली, त्यामुळे प्रवासाला बरी. पण ताईला शाडूचीच हवी होती. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, बाप्पा माझ्यासोबत, केबिनमध्ये.

तसं पेणच्या गणपतीला प्रवास नवा नाही. १८९३ ला टिळकांनी उत्सव चौकात आणला, पुढे मुंबई-पुण्यात मूर्तींची मागणी वाढत गेली. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे, या सगळ्या भागाचं वर्षाचं गणितच या धंद्यावर. जुन्या काळी पेणचा तांदूळ, मीठ अंतोरे बंदरातून पाण्याने मुंबईला जायचं. मग हायवे आला, १९८० च्या दशकात रोह्यापर्यंत रेल्वे आली. मूर्ती भाताच्या पेंढ्यात बसवून पाठवायचे. पेंढा घरचाच, फुकटचा, आणि धक्का छान झेलतो. पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या कस्टममध्ये पेंढा दिसला की सामान अडलंच, कारण त्यातून कीड, बिया येतात. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांनाही उष्णता देऊन तसा शिक्का मारावा लागतो. मोठा माल सणाच्या कित्येक महिने आधी कंटेनरमधून बोटीने निघतो. विमानाने हातात घेऊन जाणारे आपल्यासारखे, उशिरा जागे झालेले.

आता सिक्युरिटीची रांग. बॅग पट्ट्यावर गेली आणि पट्टा थांबला. एक्स-रेच्या पडद्यावर कपडे, खाणं अशा सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळे, मधल्या वस्तू हिरव्या. आणि किरण आरपार जात नाहीत तिथे काळा डाग. जाड मातीचा गोळा, वर मुकुट, चार हात. त्या पडद्यावर बाप्पा कसा दिसला असेल, विचार करा!

राग येतो आपल्याला, “अहो, देव आहे तो!” पण हे मशीन एवढं संशयी का झालं, त्याचीही गोष्ट आहे. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ विमान पळवून लाहोरला नेलं. हातात काय होतं? नकली पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब. विमान तिथे जाळलं गेलं, आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. २० डिसेंबर १९७८ ला लखनौ-दिल्ली विमान दोन तरुणांनी पळवलं. इंदिरा गांधींना सोडा, ही मागणी. हत्यार? खेळण्यातलं पिस्तूल आणि क्रिकेटचा चेंडू! पुढे दोघंही आमदार झाले, ते जाऊ द्या. डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेलं विमान कंदहारला गेलं आणि त्यानंतर, २००० पासून, विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे येत गेली.

म्हणजे खेळणं, चेंडू, शोभेची वस्तू यांच्याकडे बघताना या खात्याची आठवण पक्की असते. साधा नारळसुद्धा केबिनमध्ये चालत नव्हता. शबरीमलाच्या भक्तांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये खास सूट दिली, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंत आणि तपासणी करूनच.

माझ्या समोरच्या मॅडम म्हणाल्या, “बॉक्स खोलिए.” मी घाबरलो. पेणच्या काकांनी बजावलं होतं, मूर्ती धरायची ती पाटाखाली हात घालून, हाताला-कानाला कधीच नाही. मी तेच सांगितलं. मॅडमनी हातमोजे घातले, पाटाखाली हात घातला आणि बाप्पाला ट्रेमध्ये बसवलं. स्फोटकं तपासायची पांढरी पट्टी मुकुटावरून, पाठीवरून फिरवली, मशीनमध्ये घातली. मागे रांग खोळंबलेली. कोणी कुरकुरलं नाही, एका आजोबांनी तर हात जोडले. खरं तर प्राणप्रतिष्ठा व्हायच्या आधी ती मातीच, पण डोळ्यांची आखणी पेणची होती. ते डोळे बघून हात जोडले जातातच.

मशीनला काही सापडलं नाही. पट्टीवर मात्र मुकुटाचा सोनेरी रंग उतरला होता, मुकुटावर नखाएवढी पांढरी रेघ.

विमानात नऊ-दहा तास, खोकं समोरच्या सीटखाली, माझे पाय त्याच्या दोन्ही बाजूंना. लंडनला ताईने झाकण उघडलं, सोंड पाहिली, मग हात मोजले. मग ती रेघ दिसली. लगेच आजीला व्हिडिओ कॉल. “आजी, रंग गेलाय थोडा. चालेल का गं?”

आजीने फोन डोळ्यांजवळ नेला. “रंगाचं काय एवढं? बोटं सगळी आहेत ना? मग आसन मांडा. आणि मोदकांना तांदळाची पिठी आणलीस की तीही मशीनमध्ये अडकली?”