शिपायाच्या नावापुढची कोरी जागा

महार सैनिकांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कोरेगावचा स्तंभ, गोपाळबाबा वलंगकरांचे विनंतीपत्र, महार रेजिमेंटची उभारणी हे विषय आता शाळकरी मुलालाही माहीत आहेत. पण या लेखनात पलटण दिसते, शिपाई दिसत नाही. स्तंभापुढे आपण मान झुकवतो. आणि त्याच वेळी नागपूरच्या एखाद्या वस्तीत, पत्र्याच्या पेटीत, एका शिपायाचे डिस्चार्ज बुक पडलेले असते. त्यात पदकांच्या नोंदीची जागा असते आणि ती कोरी असते. तो ब्रह्मदेशात गेला होता हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे, फक्त कागदाला ठाऊक नाही. या कोऱ्या जागेचा इतिहास काय, आणि ती भरणे हे कोणाचे काम, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम कागद समजून घेऊ. भारतीय लष्करात प्रत्येक शिपायाचा शीट रोल त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. महार रेजिमेंटचे हे दप्तर मध्य प्रदेशात सागर येथे आहे. भरती, बढती, बदली, जखम, लग्न, मुलांचे जन्म, पदक अशी प्रत्येक घटना आधी युनिटच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये प्रसिद्ध होते आणि मग शीट रोलवर चढते. ऑर्डर निघाली नाही तर घटना घडलीच नाही, असा कागदाचा न्याय असतो. गोळी खरी असते, थंडी खरी असते, पण कारकुनाच्या हातून ओळ सुटली की शिपायाच्या आयुष्यातले ते वर्ष सुटते. शिपायाला पुष्कळदा वाचता येत नव्हते. समोर ठेवलेल्या कागदावर त्याने अंगठा उमटवला आणि तो घरी आला.

ही गोष्ट अलीकडची नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली जे लढले, त्यांतील मेलेल्यांची नावे स्तंभावर कोरली गेली. ‘नाक’ या प्रत्ययावरून त्यांतील २२ नावे महारांची असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. मेलेल्यांना दगड मिळाला. जगले त्यांचे काय झाले? त्या काळातल्या मोहिमांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ मंजूर झाले ते १८५१ साली, आणि ते तोपर्यंत हयात असलेल्यांसाठीच होते. त्या पदकाच्या फितीवर लावायच्या पट्ट्यांत कोरेगावची पट्टी होती. पण लढाई आणि पदक यांत तेहतीस वर्षे गेली होती. विशीतला शिपाई पन्नाशी ओलांडून गेला होता. पदक घ्यायचे तर जगायला हवे, बातमी कळायला हवी आणि आपण तेच, हे सिद्ध करता यायला हवे. गावकुसाबाहेरच्या माणसाला या तिन्ही गोष्टी किती अवघड होत्या हे सांगायला नको.

पदकाच्या धातूलाही पायरी होती. १८९५ च्या ‘इंडिया मेडल’सारखी पदके लढणाऱ्यांना चांदीची मिळत, पखालवाले, मेहतर, खेचरवाले, मोतद्दार अशा बिनलढाऊ माणसांना तेच पदक ब्राँझचे मिळे. पहिल्या महायुद्धानंतरच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’मध्येही हाच भेद राहिला, लेबर कोअरच्या मजुरांना ते ब्राँझचे देण्यात आले. मरण एकाच तोफेचे, पण पदक मात्र दोन धातूंचे! आपल्या घरातले कितीतरी लोक या दुसऱ्या यादीत होते, आणि आपणही ‘शिपाई होते’ असे सांगताना त्यांना वगळत आलो आहोत. लढाऊ पूर्वजच तेवढे मिरवायचे आणि पखाल वाहणारा लपवायचा, ही वर्णव्यवस्थेचीच रीत झाली.

१८९० नंतरच्या वर्षांत ‘लढवय्या जाती’ या सिद्धांताने महारांची भरती थांबवली. पाऊणशे वर्षांपूर्वी ज्यांची नावे सरकारनेच दगडावर कोरली, ते लढवय्ये नाहीत असे आता सरकारच म्हणू लागले. निवृत्त हवालदार वलंगकरांनी १८९४ साली जे विनंतीपत्र तयार केले, ते माझ्या मते नोंद दुरुस्त करून मागणारा आपला पहिला सामुदायिक अर्ज आहे. आमची सेवा तुमच्याच दप्तरात आहे, ती वाचा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्या अर्जात महार हे मुळचे क्षत्रिय असल्याचाही दावा आहे. ज्याची सेवा कागदावर होती त्यालाही वंशाचा दाखला जोडावा लागला, यातच त्या काळाची सारी क्रूरता आहे. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे पुन्हा अर्ज केला. महायुद्धाची गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ साली मोडली. पलटण मोडली की तिच्या शिपायाला ओळखणारा अधिकारी, त्याचा कारकून, त्याचे कार्यालय, सारेच पांगते. मोडलेल्या पलटणीच्या शिपायाने चुकलेली ओळ कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची?

दुसऱ्या महायुद्धात हा इतिहास नागपूरच्या दारात आला. बाबासाहेबांच्या आग्रहामुळे ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये आपल्या कामठीला उभी राहिली. पुढच्याच महिन्यात नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा पाया घातला गेला. एकीकडे राजकीय हक्काची मागणी आणि दुसरीकडे हातात बंदूक, या दोन गोष्टी एकाच मातीत, एकाच पावसाळ्यात घडल्या.

या पिढीच्या पदकांचे नियम पाहिले म्हणजे कागदावरच्या एका तारखेची किंमत कळते. ‘वॉर मेडल’ला २८ दिवसांची सेवा पुरत होती. ‘बर्मा स्टार’ ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर केलेल्या सेवेसाठी होता. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ला ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात देशातच तीन वर्षांची सेवा लागत असे. म्हणजे जून १९४२ मध्ये कामठीला भरती होऊन अखेरपर्यंत देशात राहिलेला शिपाई या पदकाला पात्र. ऑक्टोबरात भरती झालेला अपात्र. भरतीचा महिना चुकीचा उतरला की पदक गेले. बटालियनची तुकडी ब्रह्मदेशात गेल्याची ओळ शीट रोलवर आली नाही की स्टार गेला. शिवाय ही पदके ठरून वाटली जाईपर्यंत युद्ध संपले होते, शिपाई घरी आले होते. २५ वी महार बटालियन १९४६ साली मोडलीही होती.

त्याच वर्षी महार रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचे केंद्र कामठीला आले. मशीनगनवाल्यांची रीत अशी की त्यांच्या कंपन्या, प्लाटून दुसऱ्या पलटणींच्या मदतीला वाटून दिल्या जातात. काश्मीरच्या मोहिमेत असेच झाले. त्या मोहिमेत महार रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनवणे महावीर चक्राचे मानकरी ठरले. परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केली गेली. म्हणजे लढाई आधी आणि पदक मागून. अशा वेळी साक्ष एकच, ती कागदाची. लढला एका पलटणीबरोबर आणि नाव दुसऱ्या पलटणीच्या पटावर, असा शिपाई दोन दप्तरांच्या फटीत पडू शकतो.

यात नावाचा प्रश्न आणखी वेगळा. ‘नाक’ जाऊन बापाचे नाव आले, मग आडनाव आले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर धर्म बदलला, कित्येकांनी मुलांची आणि स्वतःचीही नावे बदलली. माणसाने स्वाभिमानाने टाकलेले नाव दप्तरात तसेच राहते. मुलगा अर्ज करतो एका नावाने, दप्तर शोधते दुसऱ्या नावाने. म्हणून नंबर महत्त्वाचा. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरण्याची जुनी रीत आहे. घरी एखादेच पदक असेल तरी त्याची कड भिंगाखाली वाचावी. बाकीच्या पदकांची वाट तेथूनच निघते.

कोणी म्हणेल, साम्राज्याने दिलेल्या धातूच्या तुकड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? प्रश्न खोटा नाही. युद्धाचे गोडवे गाणे हे बुद्धाच्या वाटेवर चालणाऱ्याचे काम नव्हे. पण नोंद मागणे म्हणजे गोडवे गाणे नव्हे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात चारशेहून अधिक सैनिकांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले आणि त्यांत एकही काळा नव्हता. कागद पुन्हा तपासले गेले तेव्हा १३ जानेवारी १९९७ रोजी सात काळ्या सैनिकांना तो सन्मान मिळाला, आणि त्या दिवशी त्यांतले एकटे व्हर्नन बेकर जिवंत होते. २०२१ साली ब्रिटनच्या युद्धस्मारक आयोगाने कबूल केले की पहिल्या महायुद्धात मेलेल्या निदान १,१६,००० आफ्रिकी, आशियाई सैनिकांची व मजुरांची नावे कोठेच नीट नोंदली गेली नाहीत. तेथे हे घडले कारण कोणीतरी कागद उघडा म्हणून अडून बसले. आपल्याकडे तसे अडून बसणारे किती आहेत?

काम अवघड आहे, पण अशक्य नाही. डिस्चार्ज बुक, जुनी पत्रे, गणवेशातला फोटो, पेन्शनचे कागद यांची यादी करावी. नंबर, हुद्दा, युनिट आणि तारखा लिहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत किंवा थेट रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा. आधी शीट रोलची प्रत मागावी, मग कोणती नोंद चुकली ते नेमके दाखवावे. ‘पदके द्या’ असा मोघम अर्ज मोघमच उत्तर आणतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घेता येतो. सेवाविषयक तक्रारीसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झाले असून त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. नाव बदलले असेल तर त्याचे राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र सोबत असावे. आणि पेटीच्या किल्ल्या बहुधा शिपायाच्या विधवेकडे असतात. तिला विचारल्याशिवाय यातले काहीच सुरू होणार नाही. दुष्काळ, पूर, घरे बदलणे यांतून हे कागद तिनेच सांभाळले आहेत.

विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी हे काम वस्तीवस्तीत हाती घ्यावे. मोहिमेच्या पदकाबरोबर पैसा येत नाही, म्हणून फसवणारे दलालही फारसे येणार नाहीत, ही त्यातली जमेची बाजू. दुसऱ्या महायुद्धातला शिपाई आज भेटणे दुर्मीळ झाले आहे. १९६५ आणि १९७१ चे शिपाई मात्र अजून आपल्यात आहेत. समर सेवा स्टार, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल यांपैकी काय आपल्या नावावर चढले आणि काय राहिले, हे त्यांना आजच विचारता येईल. वलंगकरांनी समाजाच्या वतीने जो अर्ज लिहिला, तो आता एकेका माणसाच्या नावाने आणि नंबराने लिहायचा आहे. तसा लिहिला तर दप्तराला त्याचे उत्तर द्यावे लागेल.