यूझनेटची प्रत कोणाकडून घ्यावी?

यूझनेटला, म्हणजे चर्चागटांच्या या जुन्या जाळ्याला, मालक नाही, मुख्य सर्व्हरही नाही. 1979 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना त्याची कल्पना सुचली. तेव्हापासून रीत एकच: एका यंत्रावर आलेला लेख शेजारच्या यंत्राने उतरवून घ्यायचा, त्याच्याकडून पुढच्याने. प्रोव्हायडर निवडताना नवखा अडखळतो तो इथेच. आपण यूझनेटची जोडणी घेतो आहोत असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो एक प्रत घेत असतो, आणि जुन्या पोथ्यांप्रमाणे इथेही एका प्रतीत असलेले पान दुसरीत नसते. ज्ञानेश्वरीला प्रती ताडून शुद्ध करणारे एकनाथ 1584 मध्ये भेटले. यूझनेटच्या प्रती ताडून पाहणारा कोणी झाला नाही. ते काम वाचकावरच आहे.

आपल्याला वाचायचे काय, हे आधी ठरवावे. नुसत्या चर्चा वाचायच्या असतील तर एक पैसाही खर्च करू नये. लिनस टॉर्वाल्ड्सने 25 ऑगस्ट 1991 रोजी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची वार्ता ‘कॉम्प.ओएस.मिनिक्स’ या गटात दिली, ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ नावाचा गटही याच पसाऱ्यातला. अशा मजकुरी गटांसाठी ‘इटर्नल सप्टेंबर’ हा सर्व्हर नोंदणी करून फुकट वापरता येतो. सप्टेंबर 1993 पासून नवख्यांची जी रीघ लागली ती थांबलीच नाही, अशी तेव्हाच्या जुन्या मंडळींची तक्रार होती. सर्व्हरचे नाव त्यावरून. नवख्यांचे स्वागत करणाऱ्या सर्व्हरला हे नाव शोभते! गूगल ग्रुप्सने फेब्रुवारी 2024 पासून यूझनेटचा नवा मजकूर घेणे बंद केले, त्यामुळे ती वाट आता फक्त जुने चाळण्यापुरती.

बायनरी गटांत, म्हणजे फाइलींच्या व्यवहारात, पैसे मोजावे लागतात. जाहिरातीत रिटेन्शनचे दिवस ठळक असतात: लेख किती जुना असला तरी मिळेल, याचा तो आकडा. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. एक मोठी फाइल हजारो लेखांत तुकड्यातुकड्यांनी चढवलेली असते. कॉपीराइटच्या तक्रारीवरून किंवा अन्य कारणाने त्यातले काही गळाले, तर जुनेपणाच्या आकड्याचा उपयोग नाही. थोडे तुकडे गळाले असतील तर पार-2 फाइली गणिताने ते भरून काढतात. फार गळाले तर दुसरी प्रत शोधावी लागते. विक्रेते मात्र पुष्कळ आणि स्वतःची साठवण असलेले, ज्यांना बॅकबोन म्हणतात ते, मोजके. म्हणून एकाच बॅकबोनवरच्या दोन रिसेलरांचे सभासदत्व घेणे म्हणजे एकाच प्रतीचे दोनदा पैसे देणे. मुख्य खाते महिन्याच्या बोलीवर घ्यावे, आणि वेगळ्या बॅकबोनवरचे छोटे ब्लॉक अकाउंट जोडीला ठेवावे. त्यात ठरावीक गिगाबाइट एकदाच विकत मिळतात आणि गरज पडेल तेव्हाच खर्च होतात.

इंडेक्सर ही निराळी गोष्ट. त्याच्याकडे फाइल नसते. कोणते तुकडे, कोणत्या मेसेज-आयडीचे (म्हणजे लेखाच्या ओळखखुणेचे), एवढी यादी एनझेडबी फाइलीत असते. हा प्रकार न्यूझबिन या ब्रिटिश संकेतस्थळाने रूढ केला. 2010 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्यालाच कॉपीराइटभंगाबद्दल जबाबदार धरले. ‘आम्ही फक्त यादी देतो’ हा बचाव तिथे टिकला नाही, हे इंडेक्सर वापरणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे. पुष्कळ लेखांची शीर्षके आता मुद्दाम निरर्थक केलेली असतात, त्यामुळे बायनरीत यादीवाचून चालत नाही. मजकुरी गटांना तिची गरज नाही.

प्रतींतला फरक पाहण्याचा पहिला प्रयोग बिनखर्चाचा आहे. फुकट सर्व्हरला 563 या पोर्टवरून, म्हणजे एन्क्रिप्शनसह, जोडून घ्या. एखाद्या चर्चेतला जुना लेख उघडा, त्याच्या हेडरमधला मेसेज-आयडी टिपा आणि तोच दुसऱ्या सर्व्हरकडे मागा. लेख मिळेल, नाहीतर 430 हा आकडा येईल: असा लेख इथे नाही.