साखरेचा एक कण

दिवाळी जवळ आली की आमच्या दारव्ह्याला घरोघर पाकाची चर्चा सुरू होते: एकतारी की दोनतारी? पाक चुकला तर लाडू वळत नाहीत, एवढेच. पण साखर माणसाच्या रक्तपेशींवरही असते. तिथे एक कण कमी पडला तर जिवावर बेतते. हे प्रथम ध्यानात आले ते मुंबईत.

१९०१ साली व्हिएन्नाच्या लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध जाहीर केला. पुढे 'ओ' गटाचे रक्त कोणालाही चालते, असा समज रूढ झाला. १९५२ साली मुंबईचे डॉ. य. मो. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याला धक्का दिला. त्यांना भेटलेल्या काही माणसांचे रक्त दिसायला 'ओ', पण 'ओ'चेच रक्त त्यांना चालेना! त्यांच्या पेशींवर फ्यूकोज नावाच्या साखरेचा एक कण बसलेलाच नव्हता. तो ज्यांच्यापाशी असतो त्या साऱ्यांचे रक्त त्यांच्या शरीराला परके; त्यातील प्रतिपिंडे त्यावर तुटून पडत. हाच 'मुंबई रक्तगट'.

गंमत अशी, की शत्रूला धरणाऱ्या प्रतिपिंडांवरही साखरेची साखळी असते. आपल्या रक्तातील सर्वांत विपुल प्रतिपिंडाला दोन हात आणि एक देठ असतो. हातांनी शत्रू धरायचा, देठाने मारेकरी पेशींना हाक द्यायची. साखळी देठात असते. ती काढून टाकली, तर हात शत्रूला धरून ठेवतात, पण हाक जवळजवळ ऐकू जात नाही. उलट साखळी ठेवून तिच्यातले फ्यूकोज तेवढे वगळले, तर हाक अनेक पटींनी मोठी होते, असे २००२ साली दिसून आले. कर्करोगावरची काही औषधे आता मुद्दाम अशीच घडवतात. एकाच साखरेची उणीव एकीकडे संकट, दुसरीकडे शस्त्र!

मुंबई गटाच्या माणसाला मात्र त्याच गटाचे रक्त लागते, आणि तो गट भारतात सुमारे दहा हजारांत एखाद्याचा. दारव्ह्यासारख्या गावी कागदावर नुसते 'ओ' लिहिलेले असले, तरी बाटली चढवण्यापूर्वी दोन्ही रक्ते जुळवून पाहतात. नातेवाइकांना तो विलंब जाचतो. पण त्यानेच जीव वाचतो. हा गट आईबाप दोघांकडून येतो. म्हणून दाता शोधताना आधी सख्ख्या भावंडांचे रक्त तपासतात.

भाऊबीजेला ओवाळताना एवढे आठवले तरी पुरे.